गाडी एक, नोंदी दोघांच्या

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीकडचे असून सध्या कॅलिफोर्नियातील फोन्टाना येथे राहतो. माझे पती लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात आणि मलाही नुकताच व्यावसायिक वाहन चालवण्याचा पक्का परवाना मिळाला आहे. पुढील महिन्यापासून एकाच गाडीवर जोडीने काम करण्याचे आम्ही ठरवले आहे. सांगलीत सासऱ्यांच्या ट्रकवर दोन ड्रायव्हर पाच-पाच तासांच्या पाळ्या करीत, तसेच आपणही करू, असे पतींचे म्हणणे आहे. ते इथे चालेल का? ते चालवत असताना मी शेजारच्या सीटवर बसले, तर तो वेळ कामात धरायचा की विश्रांतीत? गाडीची तपासणी दोघांनी करायची का, आणि सही कोणाची? वाटेत गाडी तपासणीसाठी थांबवली आणि मी झोपलेली असेन, तर काय होते? शिवाय मुलीच्या परीक्षांसाठी मी मधूनमधून घरी थांबणार आहे. त्या वेळीही गाडीतील तास नोंदवणाऱ्या यंत्रावर तुमचे लॉगिन चालू राहू द्या, म्हणजे गाडी थांबणार नाही, असे डिस्पॅचर, म्हणजे कंपनीत माल ठरवून देणारा माणूस, म्हणतो. यात काही अडचण नाही ना?

उत्तर : सप्रेम नमस्कार. पत्रातील शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारल्यासारखा विचारला आहे, पण उत्तराची सुरुवात त्याच्यापासूनच करणे भाग आहे, कारण बाकीच्या प्रश्नांत चूक झाली तर ती दुरुस्त करता येते आणि इथे झालेली चूक दुरुस्त करता येत नाही. तुम्ही फोन्टानात घरी असताना तुमच्या नावाने गाडीत तास नोंदवले गेले, तर ती सरळसरळ खोटी नोंद ठरते. फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएमसीएसए, या संस्थेच्या नियमावलीतील कलम ३९५.८ अशा नोंदीला स्पष्ट मनाई करते. ही युक्ती तपासणी अधिकाऱ्यांच्या चांगली परिचयाची आहे. यंत्राच्या पडद्यावर सहचालकाचे नाव दिसले की अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, ‘सहचालक कुठे आहे?’ मग बंकचा, म्हणजे सीटमागील झोपण्याच्या जागेचा, पडदा सरकवला जातो आणि आत फक्त दुमडलेले पांघरूण सापडते. तिथे निभावले तरी डिझेलच्या पावत्या, टोलच्या नोंदी आणि मालाची कागदपत्रे वाहतूक कंपनीला सहा महिने जपून ठेवावी लागतात, आणि कंपनीचे दफ्तर तपासले जाते तेव्हा ती लॉगशी, म्हणजे कामाच्या तासांच्या नोंदींशी, ताडून पाहिली जातात.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. ज्या रात्री गाडी नोंदीप्रमाणे तुम्ही चालवत होता आणि प्रत्यक्षात पती सोळाव्या तासाला चाकावर होते, त्याच रात्री अपघात झाला, तर कागदोपत्री ती गाडी तुम्ही चालवत होता. हे सिद्ध करायला आणि खोडून काढायला वकील लागतील, आणि दोन्ही बाजूंनी दोष तुमच्याच घराकडे येईल. म्हणून डिस्पॅचरला नकार द्या आणि तो तोंडी देऊ नका. ‘मी गाडीत नसताना माझे लॉगिन वापरल्यास कामाच्या तासांच्या नियमांचा भंग होईल, म्हणून आम्ही ते करू शकत नाही,’ एवढे एक वाक्य मेसेजवर पाठवा आणि त्याचे उत्तर जपून ठेवा. हे वाक्य केवळ सभ्यपणासाठी सुचवत नाही. २९ जानेवारी २०१६ पासून लागू असलेल्या सक्तीविरोधी नियमाचा आधार घ्यायचा असेल, तर अमुक केल्यास नियम मोडेल असे चालकाने कंपनीला आधी सांगितलेले असावे लागते. त्यानंतरही लोड (वाहून न्यायचा माल) देणार नाही किंवा कामावरून काढू अशी धमकी मिळाली, तर ९० दिवसांच्या आत एफएमसीएसएकडे तक्रार करता येते. नकार दिल्याबद्दल प्रत्यक्षात काम गेले किंवा पगार कापला गेला, तर कामगार खात्याच्या ओशा या विभागाकडे तक्रार करण्याची मुदत १८० दिवसांची आहे. तुम्ही घरी असाल त्या आठवड्यात पती एकटे चालक असतात, गाडी एकट्याच्या तासांनी चालते आणि लोडही त्या हिशेबानेच घ्यायचे असतात. यात डिस्पॅचरची गैरसोय होईल, हे मान्य आहे. पण लोड कोणते द्यायचे ते ठरवणे हेच त्याचे काम आहे.

आता पाच-पाच तासांच्या पाळ्यांकडे वळू. तुमचा माल कॅलिफोर्नियाबाहेर जाणार असल्यामुळे तुम्हाला संघराज्याचे नियम लागू होतात. राज्याच्या आतच फिरणाऱ्या गाड्यांना कॅलिफोर्निया १२ तास चालवण्याची मुभा देते, त्यामुळे ओळखीच्या एखाद्या चालकाकडून बाराचा आकडा ऐकला असेल तर तो तुमच्यासाठी नाही. मालवाहू गाडीच्या चालकासाठी मूळ नियम असा आहे की, सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, आणि हे ११ तास काम सुरू झाल्यापासून १४ तासांच्या मुदतीत बसवावे लागतात. ८ तास चालवणे झाले की पुढे चाक हातात घेण्यापूर्वी सलग ३० मिनिटांचा खंड पडलेला असला पाहिजे. २९ सप्टेंबर २०२० रोजी लागू झालेल्या बदलांनंतर हा खंड विश्रांतीचाच असावा असे बंधन राहिलेले नाही. डिझेल भरताना किंवा कागदपत्रे करताना गेलेला अर्धा तासही चालतो, फक्त त्या वेळात गाडी चालवलेली नसावी.

जोडीने काम करताना हे सगळे आकडे प्रत्येकाला स्वतंत्रपणे लागू होतात, आणि नवीन जोड्यांचा घोटाळा नेमका इथेच होतो. घरात दोघांचे पगार एकत्र खर्च होतात, तसे इथे दोघांचे तास एकत्र खर्च करता येत नाहीत. भारतातही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातलेली होती. सासऱ्यांच्या गाडीवर ती मोजणारे यंत्र बसवलेले नव्हते, इतकाच फरक. इथे ते यंत्र डॅशबोर्डवरच असते, आणि पाच तास चालवणे, पाच तास झोपणे, पुन्हा पाच तास चालवणे हा क्रम सतत चालू ठेवला तर ते लवकरच लाल रेघ दाखवू लागते. कारण असे की, १४ तासांची मुदत केवळ बंकमध्ये आडवे झाल्याने थांबत नाही. सलग १० तास सोडून तुकड्यांत विश्रांती घ्यायची असेल, तर एक तुकडा स्लीपर बर्थमध्ये, म्हणजे बंकमध्ये, सलग किमान ७ तासांचा आणि दुसरा किमान २ तासांचा असावा लागतो, दोन्हींची बेरीज किमान १० तास भरावी लागते, आणि अशी जोडी जुळली तरच ते दोन्ही तुकडे १४ तासांच्या हिशेबातून वगळले जातात. पाच तासांची झोप दोन तासांच्या तुकड्याची जागा घेऊ शकते, परंतु सातची घेऊ शकत नाही. म्हणजे पाच चालवून, पाच झोपून, पुन्हा पाच चालवल्यावर पुढची झोप सात तासांची झाली, तर हिशेब जुळतो. ती पुन्हा पाचचीच झाली, तर जुळत नाही. पतींची पद्धत एखाद्या वेळी चालून जाईल, पण वेळापत्रक म्हणून ती टिकणार नाही.

त्याऐवजी दहा-दहा तासांची पाळी धरा. उन्हाळ्यातील एक दिवस घेऊ. दोघेही घरी भरपूर विश्रांती घेऊन सकाळी ६ वाजता फोन्टानाच्या यार्डात येता, गाडी तपासता आणि ट्रेलर जोडता. हा एक तास दोघांच्याही लॉगवर ‘ऑन ड्यूटी’ आहे; नुसती मदत केली असे म्हणून तुमचा वेळ सोडून देता येत नाही. ७ वाजता पती गाडी बाहेर काढतात आणि तुम्ही बंकमध्ये जाता. बारस्टोपर्यंत आय-१५ आणि तिथून आय-४० हा महामार्ग धरून ते दुपारी किंगमनला अर्धा तास थांबतात आणि संध्याकाळी ५ च्या सुमारास ॲरिझोनातील हॉलब्रुकच्या आसपास पोचतात. तुम्ही ७ ते २ बंकमध्ये सलग सात तास काढलेत आणि २ ते ५ शेजारच्या सीटवर बसलात, तर तुमचे दहा तास पूर्ण झाले. सकाळी यार्डात सुरू झालेली १४ तासांची मुदत आता पुसली गेली आहे आणि तुम्ही पूर्ण ११ तासांनिशी चाकावर बसू शकता. मध्ये अर्धा तास थांबून पहाटे ३ पर्यंत तुम्ही टेक्सासमधील अमारिलोजवळ असाल, आणि तोवर पतींचेही दहा तास भरलेले असतील. न्यू मेक्सिकोत शिरताच मोबाइलचे घड्याळ एक तास पुढे गेलेले दिसेल, परंतु लॉग सगळीकडे तुमच्या मुख्य ठाण्याच्याच वेळेने चालतो. वरचे सर्व तास त्याच वेळेचे आहेत.

या उदाहरणातच शेजारच्या सीटविषयीच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर आले आहे, तरी ते जरा उलगडून सांगतो, कारण या बाबतीत जुन्या चालकांकडून अजूनही जुनेच आकडे ऐकायला मिळतात. चालत्या गाडीत शेजारच्या सीटवर बसणे हे मुळात कामातच मोडते. त्याला एकच अपवाद आहे. स्लीपर बर्थमधील सलग किमान ७ तासांच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर जास्तीत जास्त ३ तास सीटवर बसलात, तर ते विश्रांतीत धरले जातात. २०२० पूर्वी हाच नियम ८ अधिक २ असा होता. हे ३ तास ‘ऑफ ड्यूटी’ म्हणून नोंदवावेत आणि सोबत ‘पॅसेंजर सीट’ असा शेरा लिहावा. झोपेला न जोडता, नुसतीच गप्पा मारायला किंवा रस्ता दाखवायला तासभर पुढे येऊन बसलात, तर तो तास ‘ऑन ड्यूटी’ आहे. जोडप्यांना हे जाचक वाटते, हे मी समजू शकतो. दिवसभरात एकमेकांशी बोलायला मिळणारा वेळ झोपेच्या आधीचा किंवा नंतरचाच असतो, आणि तो तसाच आखून घ्यावा लागतो.

सात तासांचा सलगपणा मोडण्याची सर्वांत नेहमीची जागा रस्त्यावर नसते, ती डॉकवर, म्हणजे गोदामात माल चढवण्या-उतरवण्याच्या जागी, असते. पती बंकमध्ये चार तास झोपलेले असतात, तुम्ही गोदामात पोचता, तिथला माणूस सांगतो की ट्रेलर दुसऱ्या दारावर लावा. जागा अरुंद असते, तुम्ही नवख्या असता, आणि ‘जरा मागे बघायला उतरता का?’ असे सहज विचारले जाते. ते उतरले, मागे उभे राहून दहा मिनिटे हात दाखवले की ते काम झाले, आणि त्यांचे चार तास आता सातच्या तुकड्यात मोजता येत नाहीत. म्हणून गाडी मागे घेण्याचा सराव एकटीने करा, गरज पडली तर उतरून स्वतः मागे पाहून या, गोदामातील माणसाची मदत मागा, पण झोपलेल्याला उठवू नका. उठवावेच लागले, तर ते खरेपणाने नोंदवा आणि पुढच्या पाळीचे गणित त्याप्रमाणे बदला.

बंकबद्दलही एक गोष्ट. स्लीपर बर्थ म्हणून धरला जाण्यासाठी बंक किमान ७५ इंच लांब आणि २४ इंच रुंद असावा लागतो, त्यावर २४ इंचांची मोकळी उंची असावी लागते, आणि जोराचा ब्रेक लागल्यास झोपलेली व्यक्ती बाहेर फेकली जाऊ नये यासाठी जाळी किंवा पट्टा बसवलेला असावा लागतो. एकट्याने चालवताना गाडी उभी करूनच झोप घेतली जाते, त्यामुळे कित्येक गाड्यांत ही जाळी गादीखाली घडी होऊन पडलेली असते. तुम्ही मात्र ताशी ६५ मैलांनी धावणाऱ्या गाडीत झोपणार आहात. पहिल्या खेपेपूर्वी ती बाहेर काढून तिचे हूक तपासून घ्या.

या दहा तासांच्या पाळीला आणखी एक मर्यादा आहे, जी पहिल्या आठवड्यात जाणवत नाही. आठवड्याचे सातही दिवस गाड्या चालवणाऱ्या कंपनीच्या चालकाला ८ दिवसांत ७० तास काम झाल्यावर गाडी चालवता येत नाही. सत्तरला आठने भागले तर दिवसाला पावणेनऊ तास येतात. वर सांगितलेल्या गतीने दोघांचेही रोजचे काम सरासरी अकरा-बारा तासांवर जाते, म्हणजे सलग चालत राहिलात तर साधारण सहा दिवसांत दोघांचेही तास एकाच वेळी संपतात, आणि अशा वेळी गाडी घरापासून किती दूर आहे, यावर सगळे अवलंबून राहते. सलग ३४ तास विश्रांती घेतली की हा हिशेब नव्याने सुरू होतो. म्हणून जाऊन-येऊन पाच दिवसांचे लोड मागा आणि ३४ तासांची विश्रांती घरी पडेल असे पाहा. मुलीच्या परीक्षेचे दिवसही त्यातच बसवता येतील.

तास शिल्लक आहेत म्हणजे चालवलेच पाहिजे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. झोप किंवा आजारपणामुळे चालवण्याची क्षमता कमी झाली असेल, तर लॉगवर कितीही तास उरलेले असोत, कलम ३९२.३ प्रमाणे गाडी चालवण्यास मनाई आहे. चालत्या गाडीतील झोप पहिले काही आठवडे बहुतेकांना नीट लागत नाही. रात्रीची पाळी सुरुवातीला पतींनी घ्यावी असे मला वाटते. तुम्हाला दिवसा डोंगराळ रस्ता आणि वाऱ्याचा मारा यांची सवय झाल्यावर ती बदलता येईल.

आता यंत्राविषयी. गाडीतील ईएलडीवर, म्हणजे तास नोंदवणाऱ्या यंत्रावर, दोघांचीही स्वतंत्र लॉगिन एकाच वेळी चालू असली पाहिजेत; एक चालक म्हणून आणि दुसरे सहचालक म्हणून. ताशी ५ मैलांचा वेग होताच यंत्र त्या वेळच्या चालकाच्या नावावर ‘ड्रायव्हिंग’ आपोआप लिहू लागते, त्यामुळे पाळी बदलताना जागांची अदलाबदल होण्याआधी पडद्यावरची अदलाबदल झाली पाहिजे. विसरलात तर घाबरू नका. तुम्ही चालवलेले तास पतींच्या नावावर पडले असतील, आणि दोघांची नावे त्या वेळी एकमेकांच्या नोंदीत सहचालक म्हणून असतील, तर ते तास योग्य नावावर हलवता येतात. त्यासाठी दुरुस्तीचे कारण लिहावे लागते आणि दोघांनीही ती आपापल्या लॉगिनमधून मान्य करावी लागते. ही सोय चुकीच्या दुरुस्तीसाठी आहे. संपलेले तास जोडीदाराच्या नावावर ढकलण्यासाठी ती वापरली, तर आपण पुन्हा डिस्पॅचरच्या प्रश्नापाशीच येऊन पोचतो. एकमेकांचे पासवर्ड एकमेकांना माहीत नसलेले बरे, नवरा-बायको असलात तरी.

यंत्राचे माहितीपुस्तक, नोंदी अधिकाऱ्याला कशा पाठवायच्या त्याच्या सूचना, बिघाड झाल्यास काय करायचे त्याच्या सूचना आणि किमान आठ दिवस पुरतील इतके कोरे लॉगचे कागद गाडीत असलेच पाहिजेत. तुम्ही दोघे असल्याने कागद दुप्पट ठेवा. यंत्र बिघडले तर कंपनीला २४ तासांच्या आत लेखी कळवायचे आणि ते दुरुस्त होईपर्यंत हाताने लिहायचे. हाताने लिहिताना प्रत्येकाने आपल्या कागदावर सहचालकाचे नाव लिहायचे असते, आणि हा रकाना रिकामा राहण्याचे प्रमाण फार असते.

तपासणीबाबत तुमचा प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. दिवसाच्या कामाअखेरी गाडीतील दोषांचा जो लेखी अहवाल द्यायचा असतो, त्यावर दोन चालकांच्या गाडीत एकाचीच सही पुरते. अट एवढीच की, नोंदवलेल्या दोषांबाबत दोघांचे एकमत असले पाहिजे. मालवाहू गाडीत एकही दोष आढळला नसेल, तर १८ डिसेंबर २०१४ पासून असा अहवाल देण्याचे बंधनही नाही, मात्र अनेक कंपन्या आपल्या नियमाने तो रोज मागतात आणि मागितला तर द्यावा. दुसरी गोष्ट गाडी चालवण्याआधीची खात्री. ती चाकावर बसणाऱ्या प्रत्येकाची स्वतःची जबाबदारी आहे. नियमाचे शब्द असे आहेत की, वाहन सुरक्षितपणे चालवण्याच्या स्थितीत आहे याबद्दल चालकाचे समाधान झाले पाहिजे. पतींनी सकाळी पाहिले होते, म्हणून संध्याकाळी ५ वाजता हॉलब्रुकला तुमचे समाधान आपोआप होत नाही. मागील अहवालात दोष लिहिलेला असेल, तर तो दुरुस्त झाल्याची नोंद वाचून नव्या चालकाला त्यावर सही करावी लागते.

ही फेरी पंधरा मिनिटांत नीट होते आणि ती ‘ऑन ड्यूटी’ म्हणून नोंदवायची असते. टॉर्च आणि टायरची खोली मोजण्याची काडी घेऊन पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात करा. पुढच्या चाकांच्या टायरला किमान ४/३२ इंच आणि बाकीच्यांना किमान २/३२ इंच नक्षी लागते. चाकांच्या नटांभोवती गंजाचे ओघळ दिसले, तर नट सैल असण्याची शक्यता धरा. ट्रॅक्टर, म्हणजे गाडीचा इंजिन असलेला पुढचा भाग, आणि ट्रेलर यांच्यामध्ये वाकून पाहा. फिफ्थ व्हील (ट्रेलर ज्यावर टेकतो ती ट्रॅक्टरवरची तबकडी) आणि ट्रेलरचे बूड यांच्यात फट दिसता कामा नये, आणि आतला जबडा किंगपिनभोवती, म्हणजे ट्रेलरखालच्या खुंटीभोवती, पूर्ण मिटलेला दिसला पाहिजे. ट्रक स्टॉपवर दोघेही जेवायला गेला असाल, तर हे पाहणे अधिकच गरजेचे आहे, कारण ट्रेलरची पिन सोडवून ठेवण्याचे प्रकार घडतात. शेवटी हवेच्या ब्रेकची चाचणी : चाकांना अडण लावून, इंजिन बंद करून, पार्किंग ब्रेक सोडून ब्रेकचे पेडल एक मिनिट दाबून धरा. जोडलेल्या गाडीत हवेचा दाब त्या मिनिटात ४ पीएसआयपेक्षा जास्त उतरला, तर कुठेतरी गळती आहे आणि गाडी हलवायची नाही.

मालाच्या बांधणीचीही तपासणी असते, आणि जोडीच्या गाडीत ती एकट्याच्या गाडीपेक्षा वारंवार येते. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत एकदा, आणि त्यानंतर चालकाची कामाची स्थिती बदलली, ३ तास झाले किंवा १५० मैल झाले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा बांधणी पुन्हा पाहायची असते. पाळी बदलली की स्थिती बदललीच. सील लावलेला आणि उघडू नये अशी सूचना दिलेला ट्रेलर याला अपवाद आहे. फ्लॅटबेड, म्हणजे उघडा सपाट ट्रेलर, घेतलात तर मात्र हे पट्टे पाहणे सवयीचे करून घ्यावे लागेल.

रस्त्यावरील तपासणीत, म्हणजे वे स्टेशनवर (महामार्गावरील वजनकाट्यावर) किंवा पोलिसांनी थांबवल्यावर, अधिकारी प्रथम चालवणाऱ्याशी बोलतो, परंतु सहचालकाचा परवाना आणि लॉग मागण्याचाही त्याला अधिकार आहे. चालू दिवसाच्या आणि मागील सात दिवसांच्या नोंदी दाखवाव्या लागतात. तुमची कागदपत्रे वेगळ्या पाकिटात, चालकाच्या हाताशी ठेवलीत, तर पुष्कळदा तेवढ्यावर भागते. अधिकाऱ्याने बोलावले तर मात्र उठावे लागेल. तपासणीचा सर्वांत सविस्तर प्रकार ३७ टप्प्यांचा असतो आणि त्यात गाडीच्या खालूनही तपासणी होते. दर वर्षी ७२ तासांची एक मोठी मोहीम होते. २०२५ च्या मे महिन्यात झालेल्या मोहिमेत चालकांच्या बाबतीत कामाच्या नोंदींतील खोटेपणावर आणि गाडीच्या बाबतीत टायरवर भर होता. यावरून वारा कुठल्या दिशेचा आहे ते दिसते.

तासांच्या भंगामुळे पतींना ‘आउट ऑफ सर्व्हिस’ केले, म्हणजे गाडी चालवण्यास जागेवरच मनाई केली, तर ती मनाई त्यांनाच लागू होते. गाडी सुस्थितीत असेल आणि तुमचे तास शिल्लक असतील, तर तुम्ही गाडी पुढे नेऊ शकता आणि ते बंकमध्ये आपली विश्रांती पूर्ण करू शकतात. ब्रेक किंवा टायरमुळे गाडीच ‘आउट ऑफ सर्व्हिस’ झाली, तर दुरुस्तीपर्यंत दोघांपैकी कोणीही ती हलवायची नाही. आणखी एक गोष्ट दोघांनाही लागू आहे : रस्त्यावरील फलक वाचण्याइतके आणि अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तर देण्याइतके इंग्रजी चालकाला यावे ही अट जुनीच आहे, परंतु २५ जून २०२५ पासून ती पूर्ण न करणाऱ्याला जागेवरच ‘आउट ऑफ सर्व्हिस’ केले जाते. माल काय आहे, कुठून निघालात, कुठे चाललात, काम किती वाजता सुरू केले, या प्रश्नांची उत्तरे तुम्ही स्वतः द्या; पतींनी मधे बोलून मदत करू नये, कारण त्यातून गैरसमज वाढतो.

तपासणी संपल्यावर मिळणारा अहवाल कंपनीच्या पुढच्या ठाण्यावर पोचताच द्यायचा असतो, आणि २४ तासांत तिथे पोचणार नसाल तर लगेच पाठवायचा असतो. दोष दुरुस्त केल्याचे कंपनीला १५ दिवसांत सही करून परत कळवावे लागते. हा अहवाल हातात घेतल्यावर गाडी सुरू करण्याआधी त्यातील चालक आणि सहचालक हे दोन रकाने वाचून घ्या. तुम्ही दोघे एकाच आडनावाचे आणि एकाच पत्त्याचे असल्यामुळे नावांची अदलाबदल होणे अवघड नाही, आणि तपासणीच्या या नोंदी प्रत्येक चालकाच्या नावावर तीन वर्षे राहतात व नवी नोकरी देणारी कंपनी त्या पाहते. चूक दिसली तर अधिकाऱ्याला तिथेच नम्रपणे सांगा. नंतर लक्षात आली तर एफएमसीएसएच्या डेटाक्यूज या प्रणालीवर अहवालाची प्रत आणि त्या दिवसाचे दोघांचे लॉग जोडून दुरुस्तीची मागणी करता येते.